नंदीनं मान डोलावली

"हात सैल सोड गं पोरी. आवळून धरलास तर काकणं फुटतील, नि आज फुटलेली बरी न्हवं."

कासारीण माझा पंजा दोन्ही हातांत धरून दाबत होती आणि हिरव्या काचेची काकणं एकामागून एक मनगटावर चढवत होती. शेजारी द्रौपदाआत्या उकिडवी बसून सगळ्यावर नजर ठेवून होती. बाहेर यंत्रमागांची खडखड चालू झालेली. आमच्या इचलकरंजीत कोंबड्याच्या आधी माग जागे होतात.

"शाळेत काय सांगू?" मी विचारलं. "काकणं बघून पोरी विचारणारच."

"सांग, हौस म्हणून घातली. आज सगळ्या नटूनच येणार न्हवं का?" आत्या म्हणाली. "आणि जायलाच पाहिजे असं काय नडलंय? परवा लग्न, नि आज ही निघाली नाचायला!"

"नाचायला नाही आत्या, निरोप समारंभ आहे. नंदीवालीचं काम आहे माझं त्यात."

"तुझं काम आता दुसरीकडं. काय रं शिवा, तू तर बोल काहीतरी."

अप्पा दाराशी सायकलची चेन पुसत होते. वर न बघताच म्हणाले, "जाऊ दे आक्का. एवढा एक दिवस. मी स्वतः आणायला जातो तिला." मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "जा. बाईंना नमस्कार कर. काय सांगायचं असंल ते सांगून ये."

"काय सांगायचंय?" आत्या फिस्कारली. "नमस्कार करायचा नि मुकाट्यानं परत यायचं. शाळेत एक शब्द बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

आत्यासमोर अप्पांनी एखादी गोष्ट धरून ठेवल्याचं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. त्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

आता थोडं मागचं सांगते. आई गेली तेव्हा मी चौथीत होते. आत्या विधवा होती, ती आपलं घर सोडून आमच्याकडं आली आणि तिनं आम्हाला सांभाळलं. जेवूखाऊ घातलं, आजारपणं काढली, खोटं कशाला बोलू? पण त्यामुळं घरात तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. तिच्यापुढं अप्पांची जीभ टाळ्याला चिकटायची. नदीपलीकडच्या गावात तिच्या सासरी तिची सासू अंथरुणाला खिळली होती, आणि डोळे मिटायच्या आत नातवाचं लग्न बघायचं असा म्हातारीनं धोशा लावला होता. नातू, म्हणजे आत्याच्या दिराचा पोरगा, लग्नाचा, मुलगी घरातलीच तयार. मग काय, पंधरा दिवसांत सुपारी फुटली. माझी दहावीची परीक्षा महिन्यावर आलेली. "परीक्षा काय, दरसाल येती," आत्या म्हणाली. "म्हातारी दरसाल मरणार हाय का?"

म्हातारी पुढं माझ्या दोन बाळंतपणांनंतरही ठणठणीत होती. ते असो.

मला परीक्षा द्यायची होती. बस, एवढंच. पास होऊन डी.एड. करायचं आणि बाई व्हायचं. कुठलीतरी बाई नव्हे, आमच्या सरनोबत बाईंसारखी. आमच्या वर्गशिक्षिका. खणखणीत आवाज, कडक इस्त्रीची सुती साडी. आदल्या वर्षी हौसा नावाच्या एका पोरीला तिच्या बापानं ऐन परीक्षेआधी शाळेतून काढलं, तर बाई तडक त्यांच्या घरी गेल्या आणि उंबऱ्यातच बसल्या. चहा नाही, पाणी नाही. "हौसा परीक्षेला बसणार असं तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी उठायची नाही," म्हणाल्या. बाप संध्याकाळपर्यंत टिकला, मग त्यानं हात टेकले. हौसा पास झाली.

तेव्हा माझा सगळा भरवसा त्या एका बाईवर होता. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझ्या दृष्टीनं तर ती काडी नव्हती, चांगलं सागवानी लाकूड होतं. आत्याची शपथ गेली खड्ड्यात. आज बाईंना सांगायचं, आज संध्याकाळी बाई आमच्या उंबऱ्यात बसतील, उद्याचा दिवस मध्ये आहे, लग्न मोडेल. एवढा हिशेब मनात पक्का करून मी शाळेत निघाले.

पण माझी एक पंचाईत होती. मी वर्गातली नकलाकार. हेडमास्तरांचं खाकरणं, शिपायाचं लंगडणं, खुद्द बाईंचं "हा वर्ग आहे की मासळी बाजार?", सगळं मी हुबेहूब करायची. गॅदरिंगच्या नाटकात सासुरवाशीण होऊन असं रडले होते की पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्याला लावले, आणि मी पडद्यामागं जाऊन शेंगदाणे खात बसले. पाच वर्षांत माझ्या तोंडून सरळ वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. त्याचा मला मोठा अभिमान होता.

हॉलमागच्या खोलीत पोरींचा नुसता कलकलाट. सगळ्या आईच्या साड्या नेसून आलेल्या, कुणाच्या निऱ्या सुटतायत, कुणाच्या पिना टोचतायत. सुवर्णा चौगुले, माझी जिवाभावाची मैत्रीण, दोन हातांनी साडी वर धरून उभी होती.

"अगं बया! हिरवा चुडा?" ती ओरडली. "नंदीवाली बांगड्या घालती होय गं?"

मी तिला कोपऱ्यात ओढलं. "सुवर्णे, ऐक. परवा माझं लग्न आहे."

"हो का? नि माझं परवा बारसं आहे. ये जेवायला."

"अगं मरू दे चेष्टा. खरंच सांगते."

"शाले, तोंड इतकं गंभीर करू नकोस हं, मला हसू येतंय नि माझी साडी सुटणार आहे." आणि खरंच सुटली. मग तिला ती नेसवण्यातच माझा वेळ गेला.

बाई हॉलच्या दाराशी होत्या. टेबलावर हार, गुच्छ, नारळ. पाहुणे म्हणून कुठल्याशा सूतगिरणीचे चेअरमन येणार होते, त्यांची गाडी कधीही येईल म्हणून बाईंचा एक डोळा फाटकाकडं.

"बाई, मला तुमच्याशी बोलायचंय."

"बोल की. आधी हा हार धर, दोरा सुटलाय त्याचा."

मी हार धरला. काकणं किणकिणली. "बाई, परवा माझं लग्न आहे. मला परीक्षेला बसू देणार नाहीत."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग काकणांकडं बघितलं. त्यांच्या कपाळावर एक आठी उमटली, आणि मला वाटलं, जिंकले! तेवढ्यात आठी गेली आणि त्या खुदकन हसल्या.

"अगं काय तयारी म्हणावी ही! काकणंसुद्धा भरून आली आहेस! आत्ता सांगू नकोस मला, सगळी मजा जाईल. स्टेजवर बघू दे."

"नाही बाई, हे स्टेजचं नाही, हे खरं..."

"शाले, तू ना! गॅदरिंगला असंच रडवलंस मला. एकदा फसले, आता फसायची नाही."

फाटकातून गाडी आत आली. बाई गुच्छ घेऊन धावल्या. मी त्या सुटलेल्या हाराचं टोक धरून तिथंच उभी राहिले. कुणाला सांगावं? हेडमास्तरांना? ते मुलींशी बोलतच नसत. मग मनात आलं, बाईच म्हणाल्या ना, स्टेजवर सांग? स्टेजवर सांगू. सगळ्यांसमोर, माइकवर. पाचशे माणसांसमोर सांगितलेली गोष्ट खोटी कशी ठरेल? सोळा वर्षांची अक्कल ती, तिला काय म्हणायचं!

आमच्या शाळेची रीत अशी की निरोपाच्या दिवशी दहावीच्या पोरांचं भविष्य सांगायचं. दरवर्षी कुणी ना कुणी ज्योतिषी व्हायचं. आमच्या वर्षी मी नंदीवाली झाले होते. दोन वाकळा पांघरलेला बैल. पुढचे पाय नि डोकं बाळू ढवळे, मागचे पाय अन्वर मोमीन. पुठ्ठ्याचं तोंड, गळ्यात घुंगुरमाळ. वाकळेच्या आत त्या दोघांना धड काही ऐकू येत नसे, म्हणून असं ठरलेलं की मी प्रश्न विचारून ढोलकी घुमवली की बाळूनं मान वरखाली हलवायची. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. नंदीबैल कधी नाही म्हणत असतो का?

भाषणं झाली. चेअरमनसाहेबांनी यशाची गुरुकिल्ली दिली. मग साडीवर लाल फेटा बांधून, गळ्यात ढोलकी अडकवून मी बैलाला ओढत स्टेजवर आले आणि नुसत्या त्या दर्शनानंच हॉल फुटला.

"गुबूगुबू, गुबूगुबू! बोल रं नंदीराजा! ह्यो तुझाच पुढचा पाय, बाळू ढवळे. सतराचा पाढा म्हण म्हटलं की ह्याला तहान लागती. पण कोल्हापूर ते पणजी सगळे स्टँड तोंडपाठ, कुठल्या स्टँडवर वडा ताजा नि कुठं शिळा तेसुद्धा! ह्यो यष्टीचा कंडक्टर हुनार का?"

गुबूगुबू. बाळूनं स्वतःच्या भविष्याला अशी जोरात मान हलवली की बैलाचं एक शिंग गळून पडलं. चेअरमनसाहेब पोट धरून हसायला लागले.

"बोल रं नंदीराजा! ही चौगुल्यांची सुवर्णा. डॉक्टरीण व्हायची म्हणती. बेडूक कापायला घेतला तर बेडूक टेबलावर आडवा, नि ही टेबलाखाली आडवी! बेडकानंच हिला कांदा हुंगवला म्हणं. हिचा दवाखाना चालंल का?"

गुबूगुबू. मान हलली. सुवर्णा साडी सावरत खालून ओरडली, "तुला इंजेक्शन देईन, थांब!"

"आणि ह्ये मागचे पाय, अन्वर मोमीन. सिनेमात जाणार. हिरो व्हायला? छ्या! हिरोला झाडामागनं पळावं लागतंय. व्हिलनला बरं, गुबगुबीत खुर्चीत बसून नुसतं 'पकडा त्याला' म्हणायचं. ह्याला खुर्ची मिळंल का?"

मान हलली आणि मागच्या पायांनी लाथ झाडली. शिट्ट्या, टाळ्या. मी बाईंची नक्कल केली, "मासळी बाजार आहे का हा?" तर बाई डोळे पुसायला लागल्या. सगळं कसं ठरल्याप्रमाणं, झकास चाललं होतं. आणि आता कागदावर लिहिलेलं संपलं होतं.

"शेवटचा प्रश्न, नंदीराजा," मी म्हटलं. "ही शालन मुरदंडे. म्हंजे मीच. हिला काय व्हायचंय? हिला सरनोबत बाई व्हायचंय."

हॉल हसला. बाईंनी लाजून गालाला हात लावला. गुबूगुबू. मान हलली.

"पण हिचं परवा लग्न हाय. खरं का?"

गुबूगुबू. मान हलली. पोरांच्या बाजूनं "ओ हो हो" असा ओरडा झाला.

"हिनं नवऱ्याचं तोंड तरी बघितलंय का?"

हाताला सवय. हात ढोलकीवर गेला, मान हलली. मी त्याचं तोंड बघितलं नव्हतं. फोटोसुद्धा नाही.

"हिला परीक्षेला बसू देतील का?"

मान हलली.

"न्हाई रं. न्हाई म्हण."

हॉलमध्ये हसण्याची लाट आली. मी ढोलकी बडवली आणि बाळू मान हलवत राहिला.

"अरं मुडद्या, न्हाई म्हण की! घरात एक हाय व्हय व्हय म्हणणारा, तू तरी न्हाई म्हण!"

लोक बाकांवर हात आपटायला लागले. मी ढोलकी काढून फेकली. ढोलकी नाही म्हणून बैल गांगरला, काय करावं कळेना, तर त्यानं आपली आपणच एकदा मान हलवली. त्यावर तर छप्पर उडायचं बाकी राहिलं.

मी फेटा काढला. माइकजवळ गेले आणि माझ्या आवाजात बोलले. माझ्या स्वतःच्या. तो कसा असतो ते मला तरी कुठं नीट माहीत होतं!

"बाई, हे नाटकातलं नाही. ही काकणं आज सकाळी घरी कासारणीनं भरली. परवा आत्याच्या सासरी माझं लग्न आहे. मला परीक्षा द्यायचीय, बाई. हौसाच्या घरी गेला होतात तशा आमच्या घरी या. आजच या. उद्या आम्ही गाव सोडणार."

शेवटचं नीट बोलता आलंच नाही. रडू फुटलं. नाकातोंडातून पाणी, हुंदके, सगळं. आईच्या वेळीसुद्धा मी असं रडले नव्हते. तोंड झाकायला हात वर केले तर काकणं खळाखळा वाजली.

आणि हॉल शांत झाला.

एक क्षण इतका शांत झाला की लांबचे माग ऐकू आले. मला वाटलं, पोचलं. सुटले मी. आता बाई उठणार.

"वन्स मोअर!" मागून कुणीतरी ओरडलं.

आणि टाळ्यांचा जो कडकडाट झाला! चेअरमनसाहेब उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. पाहुणे उठले म्हणून हेडमास्तर उठले, हेडमास्तर उठले म्हणून सगळे उठले. बाईही उठल्या. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि त्या हसत होत्या, अभिमानानं, आपल्या लेकीकडं बघून आई हसते तशा. माझं रडणं जितकं वाढलं तितक्या टाळ्या वाढल्या. मला तोंड बंद करता येईना. बैल शेजारी उभा राहून लोकांना मान हलवून सलाम करत होता.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. माणूस जीव तोडून ओरडतंय आणि ऐकणारे म्हणतात, काय गोड गळा आहे!

बाळू पुढं खरंच कंडक्टर झाला. एकदा जयसिंगपूरच्या गाडीत भेटला. कडेवर पोर, हातात पिशवी, मी डोक्यावरचा पदर सावरत तिकीट मागितलं तर म्हणाला, "नंदीवाली! अगं शाले! काय हौस गं तुला लग्नाची! सगळी पोरं परीक्षेच्या धसक्यानं मरतायत नि तू स्टेजवरून सांगून मोकळी, परवा लग्न म्हणून. आम्हाला वाटलं चेष्टा!" मी म्हटलं, "हो रे, हौसच फार." त्यानं पोराचं तिकीट घेतलं नाही. चांगला मुलगा.

परीक्षेला माझा बाक रिकामा दिसल्यावर बाई आमच्या घरी आल्या होत्या म्हणे. आत्यानं त्यांना लग्नातला उरलेला बुंदीचा लाडू दिला. बाईंनी खाल्ला की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

पण त्या दिवशी काय झालं ते सांगत होते. पडदा पडल्यावर बाई धावत मागं आल्या आणि मला त्यांनी मिठीत घेतलं. त्यांच्या साडीला खळीचा वास येत होता.

"शाले, शाले, पोरी! तू फार मोठी नटी होशील. चेअरमनसाहेब विचारत होते, कुणाची मुलगी म्हणून. परीक्षा झाली की मला भेट, तुझं काहीतरी बघू आपण."

"बाई..." मी म्हटलं. आवाज बसला होता. "बाई, अहो..."

"पुरे आता! पोट दुखायला लागलं माझं. पाणी पी आधी."

तेवढ्यात त्यांचं लक्ष दाराकडं गेलं. दारात अप्पा उभे होते. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतलेली. ते कधी आले होते कुणास ठाऊक, पण मागून, दारातून स्टेज सरळ दिसत होतं, आणि त्यांचा चेहरा बघून मला कळलं की त्यांनी सगळं ऐकलंय. त्या अख्ख्या हॉलमध्ये न हसलेला तेवढा एकच माणूस होता.

"या, या मुरदंडे," बाई म्हणाल्या. "बघितलंत का तुमच्या लेकीचं काम? आम्हाला रडेपर्यंत हसवलं हो हिनं."

"व्हय जी," अप्पा म्हणाले.

"एवढ्याशा पोरीला कुठून सुचतं हे? लग्न काय, आत्या काय!"

अप्पांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडं बघत होते. उभ्या आयुष्यात मी देवाकडं काही मागितलं नसेल इतकं तेव्हा त्यांच्याकडं मागितलं. बोला अप्पा. खरं आहे एवढंच म्हणा. दोन शब्द. टोपी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली.

"आता महिनाभर घरकामाला जुंपू नका हं हिला," बाई म्हणाल्या. "अभ्यास करू द्या. फर्स्ट क्लास मिळवेल ही."

"व्हय बाई," अप्पा म्हणाले.

कुणीतरी बाईंना फोटोसाठी हाक मारली. त्या माझ्या गालावर थोपटून गेल्या.

मी सायकलवर मागं बसले. ऊन तापलं होतं. बाजूच्या शेडांतून मागांचा आवाज इतका की बोललेलं ऐकू येऊ नये. अप्पा पायडल मारत होते. ओढ्याच्या पुलावर आवाज जरा कमी झाला तेव्हा ते पुढं बघतच बोलले.

"बाईंना आधी येकटीला गाठून न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं. हसल्या."

त्यांनी एक खड्डा चुकवला. मग म्हणाले, "त्याचसाठी तुला पाठवलं होतं गं. आक्काशी भांडून. मला वाटलं, तू सांगशील, बाई येऊन बसतील उंबऱ्यात, चार लोक मधी पडतील. मग मी आक्काला म्हणालो असतो, आता माझा काय इलाज हाय."

मी सायकलच्या कॅरिअरला घट्ट धरलं. सकाळपासून पहिल्यांदाच मला कुणीतरी खरं मानत होतं, आणि ते माझे वडीलच होते, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

"बाई तुमच्यासमोरच उभ्या होत्या की अप्पा," मी म्हटलं. "त्यांनी तुम्हाला विचारलं. तुम्ही व्हय जी म्हणालात."

पुढच्या चढावर उतरून अप्पा सायकल ढकलत चालायला लागले. मी उतरते म्हटलं तर म्हणाले, "बस. बसून राहा. पुन्हा कधी बसणार?" मान खाली घालून ते मला ढकलत घरापर्यंत घेऊन आले. त्यांच्या पाठीवर सदरा घामानं चिकटला होता. मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि नुसती कीव येत होती. कीव वाईट, तिच्याशी भांडताही येत नाही.

दारात आत्या मुंडावळ्या उन्हात धरून त्यांचा गुंता सोडवत बसली होती. आम्हाला बघून तिनं डोळे बारीक केले.

"आलीस? काय गं, शाळेत कुणाला काय बोलली न्हाईस न्हवं?"

"सगळ्यांना सांगून आले," मी म्हटलं. "माइकवर. मला लग्न करायचं नाही म्हणून."

आत्या माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि खांदे गदगदा हलवत हसायला लागली.

"ऐकलंस का रं शिवा? काय नकला करती ही पोरगी! तोंड बघ कसं केलंय, अगदी खरं वाटावं!"

अप्पा सायकल भिंतीला लावत होते. त्यांनी मान डोलावली.